सूचीबाहेरचे सूर

गेल्या पावसाळ्यात धाडला एका कुटुंबाच्या भेटीस गेलो होतो. बुलढाणा जिल्ह्याच्या कडेला वसलेले हे बाजाराचे गाव. जालना जिल्ह्याची हद्द तेथून फार दूर नाही. घरी आई आणि मुलगा होते, वडील सोयाबीनच्या रानात गेलेले. मुलगा आमच्या गायकवृंदात गिटार वाजवतो. हात चांगला आहे, तालही पक्का आहे. चहा ठेवता ठेवता त्याच्या आईने गाऱ्हाणे मांडले, "फादर, याले तुमीच काही सांगा. रातभर कानातलं काढत नाही. झोप नाही, पानी नाही. विचारलं का म्हनते, अजून लई बाकी आहे."

काय बाकी आहे, असे मी विचारले. मुलगा आत जाऊन एक शंभरपानी वही घेऊन आला. वहीत रकाने आखलेले: अनुक्रमांक, अल्बमचे नाव, साल, लांबी, आणि शेवटी ऐकल्याची खूण. पहिल्या काही पानांवर खुणाच खुणा होत्या, पुढे त्या विरळ होत गेल्या आणि नंतर पानेच्या पाने नुसत्या नावांनी भरलेली. ही सारी सूची एकाच गिटारवादकाची होती.

वाचकहो, या वादकाचे नाव तुमच्यापैकी फार थोड्यांनी ऐकले असेल. मी तरी ऐकले नव्हते. ब्रायन कॅरोल हा 1969 साली जन्मलेला अमेरिकन माणूस 'बकेटहेड' या नावाने वाजवतो. चेहऱ्यावर पांढरा मुखवटा, डोक्यावर तळलेली कोंबडी ज्यातून विकतात तसली रिकामी कागदी बादली उपडी घातलेली, आणि तोंडून सहसा अवाक्षर नाही. अशा वेषातला मनुष्य मंगलवाद्य वाजवील असे आपल्याला वाटणार नाही. परंतु त्याची बोटे विलक्षण आहेत, हे मी ऐकून सांगतो. 2011 पासून त्याने 'पाइक्स' नावाची एक मालिका सुरू केली. साधारण अर्ध्या तासाचा एक, असे तीनशेहून अधिक अल्बम त्यात झाले. एकट्या 2015 साली त्याने 118 अल्बम प्रसिद्ध केले, म्हणजे दर तीन दिवसांनी एक. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तर रोज एक.

मी त्या मुलाला विचारले, "बाळ, एवढे सगळे ऐकायची सक्ती कुणी केली तुला?"

तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "फादर, त्याला हृदयाचा आजार आहे. 2017 मध्ये त्यानंच सांगितलं होतं. तो असेपर्यंत मी त्याच्या बरोबरीनं यायला पाहिजे. नाहीतर तो गेला आणि माझं ऐकायचं राहिलंच, असं होईल."

मी त्याला आमच्या पठडीतले उत्तर दिले: चारच ऐक, पण नीट ऐक. आईने मान डोलावली, मुलाने वही मिटली, मी चहा घेतला आणि निघालो. परतीच्या वाटेवर मात्र ते उत्तर मला बोचू लागले. त्या मुलाने आपली भीती मोकळेपणाने माझ्यापुढे ठेवली होती आणि मी त्याला एक सुभाषित देऊन मोकळा झालो होतो. ज्याच्यावर आपण प्रेम करतो त्याचे सर्वस्व जाणून घेणे हे आपले कर्तव्य आहे काय? आणि जाणून घेणे राहून गेले, तर आपण त्याचे काही देणे लागतो काय? हा प्रश्न गिटारपुरता नाही. वडिलांच्या मागे त्यांची पत्रपेटी उघडणाऱ्या प्रत्येक मुलाला तो पडलेला असतो.

प्रथम हिशेब पाहू. अर्ध्या तासाचे तीनशे अल्बम म्हणजे दीडशे तास. रोज अर्धा तास दिला तर तीनशे दिवसांत संपतात, वर्षही लागत नाही. म्हणजे 'एवढे ऐकणार तरी कसे' हा आपला पहिला उद्गार आळसाचा आहे. रोज तितका वेळ आपण कशाकशात घालवतो ते आपल्याला ठाऊक आहे. पण हा हिशेब एकेकदा ऐकण्याचा झाला. एकदा ऐकलेले गाणे आपले होते का? माझ्या बालपणी घरात एक रेडिओ होता. हव्या त्या गाण्याची मुखत्यारी आमच्याकडे नव्हती. लागेल ते ऐकायचे. तीच ती गाणी वर्षानुवर्षे कानावरून गेली आणि मुरली. आज पन्नाशी ओलांडल्यावर त्यांतले एखादे कुठल्या तरी टपरीवर लागते आणि आईच्या स्वयंपाकघरातला धूर आठवतो. त्या मुलाच्या वहीतल्या खुणांमध्ये असे मुरलेले किती आणि नुसते ओलांडलेले किती, हे त्याला विचारायचे माझ्याकडून राहून गेले होते.

माझाही एक गुन्हा येथे कबूल करतो. पुण्याच्या सेमिनरीत असताना मी संत अगस्तीनचे सारे वाङ्मय वाचण्याचा संकल्प सोडला होता. अगस्तीनचा चरित्रकार पोसिदियस याने गुरूच्या ग्रंथांची, पत्रांची आणि प्रवचनांची यादी करून ठेवली आहे. ती हजाराहून अधिक नोंदींची भरते. सारे वाचून काढणे कुणा अभ्यासकाला क्वचितच जमेल, हे त्या शिष्यानेच नमूद करून ठेवले. मला ते वाचूनही शहाणपण आले नाही. मी एक वही केली, खुणा केल्या, आणि पुढे पुढे तर खूण करता यावी म्हणूनच पाने उलटू लागलो. संकल्प कुठे बुडाला ते विचारू नका. त्या वहीतले एकही वाक्य आज मला आठवत नाही. जे आठवते ते वहीबाहेर, आजारपणात, खाटेवर पडून वाचलेले आहे.

असो. अमेरिकेचा मुखवटेवाला दूरचा. आपल्या महाराष्ट्रात हा प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर येऊन गेला आहे, आणि त्यात आपण सारे सामील होतो. लता मंगेशकरांनी किती गाणी म्हटली?

1974 साली गिनेसच्या विक्रमांच्या पुस्तकात त्यांच्या नावावर पंचवीस हजारांहून कमी नाहीत इतकी गाणी नोंदली गेली. महंमद रफी यांनी त्यास हरकत घेतली. आपली गाणी त्याहून अधिक, अठ्ठावीस हजारांच्या घरात आहेत, असा त्यांचा दावा होता. पत्रव्यवहार झाला. 1980 मध्ये रफीसाहेब वारले. पुढच्या एका आवृत्तीत दोघांचेही दावे छापले गेले आणि 1991 च्या सुमारास ती नोंदच वगळण्यात आली. वीस वर्षांनी, 2011 मध्ये, तो मान आशा भोसले यांच्या नावे गेला, तेव्हा आकडा अकरा हजारांचा होता.

दरम्यान काही माणसे मुकाट्याने मोजत बसली होती. कानपूरचे हरमंदिर सिंह 'हमराज' यांनी हिंदी चित्रपटगीतांचा कोश वर्षानुवर्षे खपून खंडाखंडाने सिद्ध केला. आपल्याकडे विश्वास नेरूरकर यांनी लताबाईंच्या गीतांची सूची 'गंधार' या नावाने तयार केली. असल्या सूचींसाठी तबकड्यांचे क्रमांक, चित्रपटांच्या पुस्तिका, जुने संग्राहक यांच्याकडे खेटे घालावे लागतात. एकेक गाणे पुराव्यानिशी लिहावे लागते. आणि मोजून झाले तेव्हा आढळले काय? लताबाईंची हिंदी चित्रपटगीते पाच हजारांच्या आसपास भरली. रफींचीही तितकीच किंवा त्याहून थोडी कमी. मराठी आणि इतर भाषांतली गीते मिळवली तरी पंचवीस हजारांचा डोंगर काही उभा राहत नाही. स्वतः लताबाईंनी आपण असा हिशेब कधी ठेवला नाही, असे सांगितले होते.

मला या प्रकरणात कुणाचा पराभव दिसत नाही. पाच हजार गाणी हे काही थोडके काम नव्हे. साडेतीन मिनिटांचे एक धरले तर जवळपास दोनशे नव्वद तास होतात. रोज अर्धा तास ऐकले तर एक वर्ष आणि सात महिने लागतील. मग पंचवीस हजार म्हणण्याची गरज आपल्याला का भासली? मला वाटते, प्रेमाला प्रमाण देण्याची आपल्याला घाई असते, आणि ते प्रमाण आकड्यात दिले की ऐकण्याचे कष्ट वाचतात. पंचवीस हजार म्हणणाऱ्याने पन्नासही नीट ऐकलेली नसतात. ज्याने पाच हजार मोजली, त्याला मात्र एकेक ऐकावे लागले. प्रेमापोटी केलेली अतिशयोक्ती आठव्या आज्ञेतून सुटते की नाही, हा वाद मी सहकारी धर्मगुरूंवर सोपवतो. माझ्यापुरते मी त्या मुलाच्या वहीकडे नंतर अधिक आदराने पाहू लागलो. त्याने एकही आकडा फुगवलेला नव्हता. जे ऐकले नाही त्यापुढे त्याने रकाना कोरा ठेवला होता.

याच लताबाईंची आणखी एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. 1949 साली 'महल' चित्रपट आला. खेमचंद प्रकाश यांनी स्वरबद्ध केलेले त्यातले गाणे देशभर दुमदुमले. लोकांनी तबकडी विकत घेतली आणि गायिकेचे नाव पाहू लागले. तबकडीवर नाव होते 'कामिनी'. ते चित्रपटातल्या पात्राचे नाव! गाणाऱ्या मुलीचे नाव छापण्याची रीतच नव्हती. रेडिओकडे श्रोत्यांची पत्रे गेली, विचारणा झाली, आणि मग गायिकेचे नाव जगाला कळले. पुढे जिची गाणी मोजताना जग भांडले, तिचे पहिले थोर गाणे परक्या नावाने विकले गेले होते.

येथे मला माझा रेडिओ पुन्हा आठवतो. बातम्यांपूर्वी दोन-तीन मिनिटे उरली की आकाशवाणीवर एखाद्या चित्रपटगीताची धून गिटारवर वाजवीत. शब्द नाहीत, गायक नाही, नुसती घसरत जाणारी, लांबणारी तार. धून अर्धी व्हायची आणि बातम्या सुरू व्हायच्या. वाजवले कुणी हे आम्हा मुलांना कधी कळले नाही आणि आम्ही कधी विचारले नाही. व्हॅन शिपले नावाचे लखनौचे एक वादक अशा तबकड्यांसाठी एके काळी घरोघर ठाऊक होते, हे मला फार उशिरा समजले. बातम्या देणाऱ्याचे नाव रोज सांगितले जाई.

आणि चित्रपटगीतांच्या आत वाजणारी गिटार? तिचे काय? मुंबईच्या ध्वनिमुद्रण कक्षांत सकाळी वादक जमत. अरेंजर, म्हणजे संगीत संयोजक, प्रत्येकाच्या पुढे कागद ठेवी. कागदावरची स्वरलिपी वाचून वाजवायचे, गाणे पसंत होईपर्यंत वाजवायचे, पाळीचे पैसे घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या संगीतकाराकडे. तबकडीवर चित्रपटाचे नाव, गायकाचे नाव, कवीचे, संगीतकाराचे. वादकांचे नाव नाही. एका गिटारवादकाच्या हातून अशी किती गाणी गेली असतील, हे त्यालाही सांगता येणार नाही. बकेटहेडच्या मागे धावणाऱ्याला निदान क्रमांक तरी मिळतात. आपल्याकडच्या वादकाच्या मागे धावायचे म्हटले तर सुरुवात कोठून करायची?

स्वरलिपी वाचणाऱ्या या वादकांत गोव्याचे ख्रिस्ती बांधव फार मोठ्या संख्येने होते. पोर्तुगीज अमदानीतल्या धर्मग्रामांच्या शाळांत मुलांना मिस्सेच्या गायनासाठी आणि व्हायोलिनसाठी सूरज्ञान दिले जाई. ती विद्या पुढे पोटापाण्याला मुंबईस आली. मजोर्ड्याचे आंतोनियो ऊर्फ अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलेच एक. व्हायोलिनवादक, संयोजक आणि शिक्षक. 1958 साली त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात भारतीय रागांवर आधारलेले स्वतःचे वृंदसंगीत मोठ्या वाद्यवृंदाकडून सादर करविले. लताबाई आणि मन्ना डे त्यात गायले. त्यांचे एक शिष्य म्हणजे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले प्यारेलाल शर्मा. या जोडीने शेकडो चित्रपटांना संगीत दिले. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'त अंड्यातून बाहेर पडणारा नायक ज्या नावाने गातो, ते नाव प्यारेलाल यांनी आपल्या गुरूला केलेले वंदन आहे. साऱ्या देशाला ते नाव तोंडपाठ आहे, आणि बहुतेकांना ते एका विनोदी पात्राचे वाटते. गोन्साल्विस 2012 साली वारले, तेव्हा अनेकांना प्रथमच कळले की असा कुणी हाडामांसाचा मनुष्य होता.

प्यारेलाल यांचे धाकटे बंधू गोरख शर्मा हे गिटार आणि मेंडोलिन वाजवीत. 'कर्ज' (1980) चित्रपटात नायकाला पूर्वजन्माची आठवण करून देणारी गिटारची धून आहे. ती त्यांच्या हातची. त्या धुनेने आमच्या पिढीतल्या किती मुलांना गिटार घ्यायला लावली असेल! भूपिंदर सिंग यांचे नाव आपण गायक म्हणून ओळखतो, म्हणून 'हरे राम हरे कृष्ण' (1971) आणि 'यादों की बारात' (1973) या चित्रपटांत आशाबाईंच्या आवाजाआधी येणारी गिटार त्यांची, हेही ओघाने कळते. जो गायला नाही, त्याचे काय? न्यूझीलंडमध्ये अध्यापन करणाऱ्या ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने या वृद्ध वादकांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या आणि 2008 साली त्यांचे पुस्तक निघाले. परक्या देशातून आलेल्या माणसाने ते करावे, आणि आपण तोवर सदतीसाव्यांदा आकड्यांवरून भांडावे, याचे मला वैषम्य वाटते.

सूची कशासाठी असते, हे मला माझ्या कपाटातल्या एका वस्तूवरून उमगले. प्रत्येक धर्मग्रामात स्नानसंस्काराची नोंदवही असते. ती आरंभापासून अखेरपर्यंत कुणी वाचीत नाही. मीही वाचलेली नाही. तरी एखाद्या दिवशी कुणी दूरच्या शहरातून येतो, आजीचे नाव सांगतो, आणि पान उलटले की ती तेथे असते: तारीख, आईबाप, साक्षीदार. सारी नावे एकाने लक्षात ठेवावीत, अशी अपेक्षा ती वही करीत नाही. लिहिणाऱ्याने मात्र एकही गाळायचे नसते. ऐकणाऱ्यावर सारे ऐकण्याचे ऋण नाही, असे मला वाटू लागले आहे. लिहून ठेवण्याचे ऋण मात्र आहे, आणि ते एकट्याचे नसून साऱ्यांचे आहे. एकाने चार ऐकावीत, दुसऱ्याने दुसरी चार. नोंद असेल तर कुणाला तरी, केव्हा तरी, हवे ते सापडेल.

दिवाळीनंतर मी धाडला पुन्हा गेलो. या वेळी मीच वही मागितली आणि विचारले, "यातले तू पुन्हा पुन्हा कुठले ऐकतोस?" त्याने पाने मागे नेली. एका नावाभोवती त्याने चौकट केली होती: 'कोल्मा', 1998. मालिका सुरू होण्याच्या कितीतरी आधीचा अल्बम. त्याने सांगितले की बकेटहेडची आई आतड्याच्या कर्करोगातून उठत होती. तिला पडल्या पडल्या ऐकता यावे म्हणून हे शांत संगीत त्याने केले. एक तुकडा तर आईच्याच नावे आहे. मुलाने मोबाइल चुलीजवळच्या फळीवर ठेवला आणि तो लावला. त्याची आई भाकरी थापत होती. तिने मध्येच हात थांबवला आणि विचारले, "हा तोच का रे, बादलीवाला?" मुलगा हसला. "मंग हे चांगलं आहे," ती म्हणाली आणि पुन्हा थापू लागली. हजारोंनी ऐकलेले ते संगीत मुळात एका खाटेसाठी होते. तेथे मागे पडण्याची भीती कुणाला वाटली असेल?

मला हा प्रसंग एवढ्यावरच संपवायला आवडले असते. परंतु मी उत्साहाच्या भरात त्याला गोरख शर्मा आणि अँथनी गोन्साल्विस यांची कथा सांगू लागलो; नावे न छापणाऱ्या लोकांवर थोडे तोंडसुखही घेतले. मुलगा ऐकत होता. मग अत्यंत अदबीने तो म्हणाला, "फादर, आपल्या धर्मग्रामाची स्मरणिका निघाली होती ना, तिच्यात तरी पेटी वाजवणाऱ्या बाबांचं नाव कुठं आहे?"

स्मरणिका मीच संपादित केली होती. देणगीदारांची नावे रकमांसह तीन पाने होती. मान्यवरांची छायाचित्रे होती. आणि 'सुमधुर गायनाबद्दल गायकवृंदाचे आभार' अशी एक ओळ होती. ज्या वृद्ध गृहस्थांनी तीस वर्षे दर रविवारी, लग्नात, मयतीत पेटी वाजवली, ज्यांनी याच मुलाला सूर लावायला शिकवले, ते त्या एका ओळीत कुठे तरी होते. त्यांनी किती भजने वाजवली असतील, याचा हिशेब मांडायला मी बसलो आणि थांबलो. निम्म्या चाली त्यांच्या स्वतःच्या होत्या, असे आता काहीजण सांगतात. ते स्वतः दोन वर्षांपूर्वी गेले.

मी त्या मुलाला काही उत्तर दिले नाही. त्याने वही उलटी करून मागच्या बाजूने एक नवे पान काढले आणि पट्टीने रकाने आखले: भजन, चाल कुणाची, पहिल्यांदा कधी म्हटले, कुणाला आठवते. पहिल्या ओळीत त्याने त्या बाबांचे पूर्ण नाव लिहिले. मग आईकडे वळून विचारले, "आई, ती नाताळात म्हणतो ती चाल, ती बाबांचीच ना?"

आई म्हणाली, "थांब, हात धुते."